ओळखीची पदं, अनोळखी नाटकं

पत्र

आदरणीय ताई,

मी डिचोली तालुक्यातल्या एका गावची. वय २७, शाळेत शिकवते. आम्ही सहा मैत्रिणी-मित्र नाटकवेडे आहोत. पणजी, फोंडा, मडगाव, जिथं संगीत नाटक लागेल तिथं दोन स्कूटर आणि एक गाडी काढून जातो. पण ताई, 'सौभद्र' माझं चारदा पाहून झालं, 'संशयकल्लोळ' तीनदा, 'कट्यार' आणि 'मत्स्यगंधा' तर मोजलेलीच नाहीत. ही नाटकं मला आवडतात, पण दीडशे वर्षांच्या परंपरेत एवढीच पाच-सात नाटकं आहेत का? एक मित्र म्हणतो, बाकीची पडली कारण ती पडण्यासारखीच होती.

आणखी एक. यंदा जत्रेतल्या नाटकाची निवड वाड्यानं, म्हणजे आमच्या वस्तीनं, आमच्यावर सोपवलीय. मी काही वेगळं सुचवलं की समितीतले काका म्हणतात, "लोकांक वळखीचीं पदां जाय." (लोकांना ओळखीची पदं हवीत.) आम्ही काय वाचावं, काय पाहावं आणि काय करावं?

— एक नाटकवेडी, डिचोली

उत्तर

बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि आधी तुझ्या त्या काकांची बाजू घ्यावीशी वाटली. ते खोटं बोलत नाहीत. जत्रेत पहाटे तीन वाजता मांडवात बसलेल्या माणसाला जागं ठेवायचं तर पेटीवर ओळखीचा मुखडा वाजावा लागतो. मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलेली बाई आहे. समोरच्या रांगेत पेंगणारी डोकी दोन सुरांत वर होताना मी पाहिली आहेत.

पण काकांचं म्हणणं आणि तुझं म्हणणं यांत तुला वाटतं तेवढं भांडण नाही. तुझ्या आजीला, आईला, भजनातल्या बुवांना पाठ असलेली कितीतरी पदं अशा नाटकांतली आहेत की जी त्यांनी कधी पाहिलेलीच नाहीत. पद घरात राहिलं आणि नाटक हरवलं. तेव्हा तुमच्या शोधाची वाट मी अशी सांगेन: नाटकांची यादी घेऊन बसू नका, सहा जणांनी आपापल्या आवडीचं एकेक पद लिहून काढा आणि ते कुठल्या नाटकात, कुणाच्या तोंडी, कुठल्या क्षणाला येतं याचा पाठलाग करा.

मी माझ्या पदापासून सुरू करते. 'शत जन्म शोधिताना' तू ऐकलेलं असणारच. मैफलीत ते येतं तेव्हा सगळे ताना मोजतात. आता शब्दांकडे बघ. शंभर जन्म शोधल्यावर प्रियकर एका क्षणापुरता भेटला, उठून मिठी घालणार तोच तो क्षण हातातून सुटला, असं नायिका सखीला सांगते आहे. हे पद सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग'मधलं. नाटक १९३१ सालचं, मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीनं केलेलं, संगीत वझेबुवांचं. लिहिलं तेव्हा सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. शाक्यांचा सेनापती विक्रम बुद्धाच्या उपदेशानं तलवार खाली ठेवून भिक्षू होतो, आणि पुढं राज्यावर शत्रू चालून आल्यावर ती पुन्हा उचलायची की नाही, हा त्याच्यापुढचा पेच. आणि ही विरहात गाणारी सुलोचना पुढं स्वतःच पुरुषवेषात रणावर जाते. हे माहीत झाल्यावर ते पद ऐक. 'क्षण हातचा सुटला' म्हणणारी बाई पुढच्या काही प्रवेशांत काय करणार आहे ते तुला कळलेलं असतं, आणि मग त्या तानांचा अर्थच पालटतो. 'मर्मबंधातली ठेव ही' आणि 'सुकतातची जगी या' हीसुद्धा याच नाटकातली. एका नाटकात तीन-तीन अशी पदं, तुझे काका आणखी काय मागणार?

या नाटकाशी माझी एक जुनी खंत बांधलेली आहे, ती सांगते, कारण तुमच्या कामाची आहे. मी एकोणीस वर्षांची असेन. एका गावच्या कालोत्सवात एका हौशी मंडळानं 'संन्यस्त खड्ग' केलं होतं, वडील पायपेटीवर होते आणि मी विंगेत वही घेऊन. 'शत जन्म'ला वन्स मोअर आला. मग दुसरा. मग कुणीतरी पाच रुपयांची नोट पिनेला टोचून पाठवली आणि तिसरा. बाई सुंदर गात होत्या, शंका नाही. पण रात्र सरत चालली होती आणि पहाटेची पालखी अडवून चालत नाही. दिग्दर्शक विंगेत आले, माझ्या हातातली वही घेतली आणि पुढचा सबंध प्रवेश पेन्सिलीनं आडवा मारला. सुलोचना वेष बदलून निघते, तोच तो प्रवेश. पुढं नाटक जसंतसं संपलं, टाळ्याही पडल्या. दुसऱ्या दिवशी फेरीत खाजें घेताना एक बाई मला म्हणाली, "ती पुरुषाचं सोंग घेऊन गेली कधी गे? मला झोप लागली की काय?" त्या बाईला झोप लागली नव्हती, हे मी तिला सांगू शकले नाही. ते अजून सलतं.

म्हणून तुझ्या मित्राला माझं उत्तर: बरीच नाटकं त्यांच्या दोषानं पडलीच नाहीत. पदांच्या कौतुकापायी आपण त्यांचे प्रवेश गाळत गेलो, मग गोष्ट तुटक वाटायला लागली, आणि मग आपणच म्हणालो की नाटकात दम नाही, गाणी तेवढी बरी. काही नाटकं खरोखर आज उभी राहणार नाहीत, तेही मानते. बळवंत मंडळीचंच 'रणदुंदुभि' घे, वीर वामनराव जोशींचं, १९२७ चं. 'परवशता पाश दैवे' हे पद आजही अंगावर येतं. गुलामीवर बोलायला काल्पनिक राज्याचा आडपडदा घ्यावा लागला त्या काळची ती भाषा. ते घरी मोठ्यानं वाचा, जरूर वाचा, पण जत्रेत करायला घेऊ नका. विश्राम बेडेकरांचं 'ब्रह्मकुमारी' मात्र हाती लागलं तर सोडू नका. अहल्येची गोष्ट आहे, आणि 'विलोपले मधुमीलनात या' हे दीनानाथांचं पद त्यातलं.

आता आपल्या मातीतल्या माणसाकडे येते. मंगेशीनं एक दीनानाथ दिले आणि एक जितेंद्र अभिषेकी. अभिषेकीबुवांचं नाव काढलं की सगळे 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार' एवढ्यावर थांबतात. दोन्ही मोठीच आहेत. 'मत्स्यगंधा' १९६४ चं, दि गोवा हिंदू असोसिएशननं मुंबईत केलेलं, आणि पराशराच्या भूमिकेत आपल्या म्हापशाचे रामदास कामत. पण त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९६६ साली, त्याच संस्थेनं शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी' केलं, संगीत पुन्हा बुवांचंच. 'हे सुरांनो चंद्र व्हा' आणि 'प्रेम वरदान' त्यातलं. हे नाटक तुम्ही पुस्तक म्हणून वाचलं तरी गाण्याची उणीव भासणार नाही, कारण लिहिणारा कवी आहे. देवयानीचा अभिमान, शर्मिष्ठेचं दास्य आणि ययातीची न भागणारी तहान, तिघांनाही आपापली बाजू आहे. देवयानीचं काम करायला मिळावं म्हणून मी एके काळी नवस बोलायला तयार होते. 'कच-देवयानी' म्हणून शाळेत एक प्रवेश करतात तेवढ्यावर समाधान मानू नका.

'हे बंध रेशमाचे' हे तर मी तुम्हाला हात धरून वाचायला लावेन. रणजित देसाईंचं, १९६८ चं, पदं शांता शेळक्यांची. 'काटा रुते कुणाला' गुणगुणणाऱ्या दहा जणांना विचार, नऊ जणांना ते भावगीत वाटतं. ते नाटकातलं पद आहे, आणि नाटक आहे फाळणीच्या आगीत सापडलेल्या हिंदू आणि मुसलमान कुटुंबांचं. 'विकल सांजवेळी' आणि 'का धरिला परदेश' हीसुद्धा तिथलीच. 'परदेश' हा शब्द फाळणीच्या नाटकात म्हणून बघ. एरवी विरहिणीच्या ठुमरीत शोभणारा शब्द, इथं घर तेच राहून देश पालटलाय. ज्या वाड्यावर देऊळ आणि चर्च यांच्यामध्ये एक विहीर असते, तिथल्या माणसाला हे नाटक समजावून सांगावं लागणार नाही.

रामदास कामतांचंच आणखी एक: 'धन्य ते गायनी कळा'. लेखक आपल्या गोव्याचे गोपाळकृष्ण भोबे आणि संगीत चक्क पंडित भीमसेन जोशींचं. 'हे करुणाकरा ईश्वरा' ऐका, मग बोलू.

पौराणिक-ऐतिहासिक भरजरीचा तुमच्यापैकी कुणाला कंटाळा असेल तर त्याच्यासाठी कानेटकरांचं 'लेकुरे उदंड जाली'. हेही १९६६ चं आणि हेही अभिषेकींचं, पण इथं ख्याल-ठुमरी शोधू नका. मूल नसलेल्या जोडप्याची गोष्ट, बोलता बोलता गद्याचं गाणं होतं आणि गाण्याचं पुन्हा बोलणं. श्रीकांत मोघ्यांनी ते गाजवलं. ब्रॉडवेच्या म्युझिकलचे व्हिडिओ पाहणारा एखादा तुमच्या टोळीत असणारच, त्याला हे द्या. नायकाला तान यावी लागत नाही. लय मात्र पक्की हवी, वाक्य समेवर पडलं नाही तर सगळा डोलारा कोसळतो.

आणि ज्याला 'संगीत' म्हटलं की शेला आणि फेटाच आठवतो, त्यानं सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' वाचावं. १९७४ चं. भाऊराव नावाचा गृहस्थ मरतो आणि आपल्याच मरणावर कीर्तन करतो. त्याला जुन्याच स्मशानात जळायचं आहे आणि ते तर बंद झालेलं. मुलगा नाना धावाधाव करतोय, शेजारचे जमलेत, आणि मेलेला माणूस टाळ घेऊन उभा. गोव्यात घरोघरी भजन, देवळोदेवळी कीर्तन. ज्या गावात पोरं पखवाज वाजवत मोठी होतात त्या गावाला हे नाटक परकं का वाटावं? पहिल्या वाचनाला तुम्ही हसाल, दुसऱ्याला गप्प व्हाल. जत्रेला मात्र नको. देवळासमोर तिरडी आणलेली समितीला चालणार नाही, आणि त्या एका गोष्टीसाठी भांडण काढू नये. ते कला अकादमीच्या स्पर्धेसाठी राखून ठेवा.

आता रागावू नकोस, पण तुझ्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. डिचोलीहून मडगावला संगीत नाटक बघायला जाता, आणि त्याच रवींद्र भवनाच्या दाराशी लावलेला कोकणी तियात्राचा फलक ओलांडून आत जाता. तियात्र हीही संगीत रंगभूमीच आहे, आणि लहान नाही. पहिला प्रयोग मुंबईत १७ एप्रिल १८९२ ला झाला, म्हणजे किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'नंतर बारा वर्षांनी. तिथं गाण्याचा हिशेब आपल्याहून वेगळा आहे. गोष्टीतलं गाणं ते कांत, आणि दोन पडद्यांच्या मध्ये गायक पुढं येऊन म्हणतो ते कांतार, त्याचा गोष्टीशी संबंध नसतो. त्यात सरकार येतं, महागाई येते, सासू येते. ट्रंपेट वाजतो आणि लोक ओळीओळीला दाद देतात. आपल्याकडे पद नाटकातून उगवावं असा आग्रह, तिथं पद उघड-उघड नाटकाबाहेर उभं. दोन्ही पाहिलंस की आपलं पद कुठं उगवतं आणि कुठं नुसतं चिकटवलेलं असतं ते तुला आपोआप दिसायला लागेल. एक रविवार त्याला दे. सत्तरीत रणमालें हे लोकनाट्य होतं तेव्हा तिकडंही जा, तुला तर ते तासाभराच्या वाटेवर आहे.

राहिली जत्रा. माझं मत स्पष्ट आहे: 'कुलवधू' करा.

मो. ग. रांगणेकरांचं हे नाटक १९४२ चं. 'बोला अमृत बोला' ही मास्टर कृष्णरावांची भैरवी काकांना नक्की पाठ असेल, नसली तर काकींना असेल. आणि ती ज्यांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली त्या ज्योत्स्ना भोळे मूळच्या आपल्या, बांदोड्याच्या केळेकर. समितीपुढं हे पहिल्यांदा सांग, निम्मं काम तिथंच होईल. भानुमती ही कलावंत सून. बायकोचं नाव नवऱ्याच्या नावापेक्षा मोठं झालं की घरात काय काय हलायला लागतं, आणि स्वाभिमानाला ठेच लागल्यावर ती उंबरठा कसा ओलांडते, याची ही गोष्ट. 'शुभसमयाला गोड गोड बोला' असं गाणारीच्या वाट्याला त्या घरात काय येतं ते लोकांना नीट दिसू द्या. आज नोकरी करणाऱ्या, स्पर्धेत गाणाऱ्या, रील टाकणाऱ्या किती सुना तुमच्या मांडवात बसलेल्या असतील! देखावा घराचा आहे, राजवाडे रंगवायला नकोत. पदं मोजकी आहेत, त्यामुळं पहाटेच्या पालखीआधी नाटक पुरं होतं, एकही प्रवेश न गाळता.

भानुमती बाहेरून आणू नका. गाणारी नटी जत्रेच्या दहा दिवस आधी आणायची, ती काळी चार पट्टीत गाणार म्हणून पेटीवाल्यानं सगळं बदलायचं, आणि तालमीत कधी न भेटलेल्या नवऱ्याशी तिनं रंगमंचावर भांडायचं, हे 'सौभद्र'मध्ये खपून जातं कारण लोकांना पुढचं सगळं माहीत असतं. अनोळखी नाटकात खपत नाही. तुमच्या सहा जणांत एखादी बरी गाणारी असेलच. तिची पट्टी आधी ठरवा आणि पहिल्या तालमीपासून पेटीवाल्याला बसवा. लेखकाच्या वारसांची रीतसर परवानगी घ्यायची तेवढी विसरू नका.

तालमीची एक रीत सांगते, वडिलांची आहे. पहिले पंधरा दिवस पद गायचं नाही, वाचायचं. भानुमतीनं 'बोला अमृत बोला' समोरच्याकडे बघून, साध्या बोलण्यासारखं म्हणायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांना हसू येतं, चाल जिभेवर नाचत असते, ती दाबावी लागते. सहाव्या-सातव्या दिवशी केव्हातरी शब्द कुणाला उद्देशून आहेत ते तोंडाला कळतं. मग वडील पेटीचा भाता मारायचे आणि नुसता षड्ज धरून ठेवायचे, मुखडा वाजवायचे नाहीत. गाणारीला आपणहून चाल उचलावी लागायची. असं बसवलेलं पद वन्स मोअरनं मोडत नाही. वन्स मोअर आलाच तर एकदाच घ्या, आणि तो घेताना समोरच्या पात्रानं खांबासारखं उभं न राहता पुन्हा नव्यानं ऐकायचं.

पुस्तकं दुकानात मिळतीलच असं नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जा, नाट्यवाङ्मयाची कपाटं निवांत पाहा. एक जण वाचेल, बाकीचे ऐकतील असं करू नका, भूमिका वाटून मोठ्यानं वाचा, एका बैठकीत एक अंक. पद आलं की थांबून ध्वनिमुद्रण लावायचा मोह होईल, तो अंक संपेपर्यंत आवरा.

काका तरीही अडून बसले तर त्यांना वाचनाला बोलवा आणि सासऱ्याची भूमिका द्या. मला वाटतं ते तिसऱ्या दिवशी स्वतःच पडद्याचा रंग ठरवायला लागतील.

तिथी कळव. आणि पायपेटी मिळाली नाही तर सांग. वडिलांची माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी भाता नवीन घालून घेतलाय, मधल्या सप्तकातला कोमल गंधार तेवढा ओल्या हवेत अडकतो, पण तुमची जत्रा कोरड्या दिवसांतच असणार. न्यायला दोन माणसं आणि एक टेंपो लागेल.

तुझी ताई